चेन थेट चाकाला जोडू नका: घरी मिनी-बाईक बांधणाऱ्या बापलेकांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळ शेती आहे, उसाच्या फवारणीचा जुना पंप पडून आहे आणि त्याचं १६३ सीसीचं पेट्रोल इंजिन अजून एका ओढीत सुरू होतं. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोघांनी मिळून १९६० च्या दशकातल्या अमेरिकन धाटणीची मिनी-बाईक घरच्या घरी बांधायची आहे. वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर घरात आहे, लेथ नाही. विचारलंय एवढंच, की हे इंजिन पुरेल का आणि क्लचची चेन थेट मागच्या चाकाला जोडली तर गाडी किती पळेल.

इंजिन पुरून उरेल. चेन मात्र थेट जोडू नका. मी बेळगावात उद्यमबागेत सव्वीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय. फौंड्रीच्या ट्रॉल्या आणि हायड्रॉलिक प्रेसच्या फ्रेमा ही रोजची कामं, आणि सुट्टीच्या दिवशी मिनी-बाईक. आजवर नऊ बांधल्या. त्यातली एकही इंजिनापायी अडली नाही. ज्या अडल्या त्या दातांच्या हिशोबात आणि ब्रेकमध्ये अडल्या, म्हणून तिथंच जास्त लिहितो.

आधी दातांचा हिशोब. तुमच्या इंजिनाला गव्हर्नर आहे, तो मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास इंजिनाला आवरतो. १० इंची स्कूटरचा ९०/१००-१० टायर बाहेरून साधारण ४३४ मिमी भरतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी १.३६ मीटर पुढं जाते. क्लचवर १० दात, मागं ४० दात आणि थेट चेन धरली तर इंजिनाच्या चार फेऱ्यांना चाकाची एक फेरी. ३६०० ला चाक ९०० फेऱ्या मारणार, म्हणजे ताशी ७३ किलोमीटर. ऐकायला बरं वाटतं, मुलाला तर फारच. पण दुखणं वरच्या वेगात नाही, खालच्या वेगात आहे.

सेंट्रिफ्युगल क्लचमध्ये वजनदार शू असतात. इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास आलं की ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला घट्ट धरतात. गाडीचा वेग त्या २००० फेऱ्यांच्या जोडीचा होईपर्यंत शू ड्रमवर घसरतच राहतात. चारास एक या हिशोबात तो वेग येतो ताशी ४१ किलोमीटर. आता तुम्हीच सांगा, उसाच्या सरीच्या कडेनं, बैलगाडीच्या वाटेनं ४१ चा वेग कधी लागणार? म्हणजे गाडी चालू असेपर्यंत क्लच घासत राहणार. पंधरा मिनिटांत जळका वास येतो, ड्रम निळा पडतो, स्प्रिंगांचा ताण जातो आणि मग ड्रमच्या आतला बुश, म्हणजे शाफ्टवर फिरणारी छोटी नळी, शाफ्टला चिकटतो. तो चिकटला की ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी ओढतच राहते. हे फार वाईट.

म्हणून क्लच आणि मागचं चाक यांच्या मधे जॅकशाफ्ट, म्हणजे वेग कमी करणारा एक आडवा शाफ्ट, घ्यायचा. क्लचच्या १० दातांची चेन जॅकशाफ्टवरच्या २० दातांच्या स्प्रॉकेटला, त्याच शाफ्टवर दुसरं १२ दातांचं आणि तिथून दुसरी चेन मागच्या ४८ ला. दोनाला चारानं गुणलं की आठ. आता ३६०० ला चाकाच्या ४५० फेऱ्या, ताशी जवळपास ३७ किलोमीटर, आणि क्लच ताशी २० लाच पूर्ण धरतो. चढावर गाडी मान टाकत नाही. मुलासाठी पहिलं वर्षभर २० च्या जागी २५ दातांचं स्प्रॉकेट लावा. दहास एक होईल, वरचा वेग २९-३० वर थांबेल. पुढं हात बसला की तेवढं एक स्प्रॉकेट बदलायचं, बाकी गाडीला हात लावायचा नाही.

जॅकशाफ्टला २० मिमीचा शाफ्ट आणि यूसीपी २०४ चे दोन पेडस्टल बेअरिंग पुरतात. वडगाव-शहापुरात कुणी माग मोडीत काढला की असले ब्लॉक भंगारात येतात. हातानं फिरवून बघा, खरखर नसेल तर बिनधास्त घ्या. जॅकशाफ्टपासून मागच्या चाकापर्यंतची चेन ४२८ ची, म्हणजे मोटरसायकलच्या एका ठरलेल्या मापाची, घ्या. कारखान्यांत वापरतात त्या ०८बी नावाच्या अर्धा इंची सिंगल चेनची स्प्रॉकेट ४२८ च्या चेनला चालतात, त्यामुळं १२ दातांचं स्प्रॉकेट ट्रान्समिशनच्या दुकानात तयार मिळतं. क्लच बहुधा ४२० च्या दातांचा मिळेल. त्याचे दात बारीक रोलरसाठी कापलेले असतात, ४२८ ची चेन त्यांच्यात नीट बसत नाही, म्हणून क्लचपासून जॅकशाफ्टपर्यंतची चेन आणि तिथलं २० दातांचं स्प्रॉकेट ४२० चंच घ्या. उलटंही होत नाही, ४२० ची अरुंद चेन ४२८ च्या जाड दातांवर चढतच नाही. क्लच घेण्याआधी इंजिनाचा शाफ्ट व्हर्नियरनं मोजा. कुठं तो २० मिमी असतो, कुठं पाऊण इंच म्हणजे १९.०५. फरक मिलिमीटरभराचाही नाही, पण २० च्या शाफ्टवर पाऊण इंची क्लच जाणार नाही. अशा वेळी शाफ्ट घासत बसू नका, क्लच लेथवाल्याकडं नेऊन आतून बोर करून घ्या. काही पंपांच्या इंजिनाला टोकाला आटे असलेला किंवा निमुळता शाफ्ट असतो. तुमचा तसा निघाला तर ते इंजिन या कामाचं नाही, शेजारच्या कुणाच्या पॉवर वीडरचं सरळ शाफ्टचं इंजिन बघा.

चाकांचं सांगतो, कारण सगळी मापं तिथून निघतात. फ्रेम आधी बांधायची आणि चाकं नंतर शोधायची, ही चूक माझ्याकडं येणारी निम्मी मुलं करतात. चाकं आधी आणा. गिअर नसलेल्या स्कूटरची पुढची चाकं दोन घ्या, दोन्ही पुढचीच. मागचं चाक गिअरबॉक्सच्या खाचांच्या शाफ्टवर बसलेलं असतं, ते आपल्या उपयोगाचं नाही. पुढच्या चाकाला आरपार ॲक्सल, दोन्ही बाजूंना बेअरिंग आणि एका बाजूला ड्रम ब्रेक असतो. तेच चाक मागं लावायचं आणि ड्रमच्या विरुद्ध बाजूला स्प्रॉकेट बसवायचं. असं बाजू बदलून बसवल्यानं चाक उलटं फिरलं तर ब्रेक लागेल का, असं एकानं विचारलं होतं. एका कॅमवर उघडणाऱ्या दोन लायनरांपैकी एक फिरण्याच्या दिशेनं दाबलं जातं आणि दुसरं विरुद्ध, त्यामुळं दोन्ही दिशांना पकड सारखीच मिळते. स्प्रॉकेट हबला वेल्ड करू नका, उष्णतेनं ड्रम वाकडा होतो. लेथवर एक ॲडॉप्टर टर्न करून घ्या आणि आरपार बोल्टांनी आवळा. नंतर चाक फिरवून दातांच्या कडेला एक तार धरा. तार आणि दात यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर तो जॉब परत लेथवर गेला पाहिजे.

आता ब्रेक. जुन्या अमेरिकन मिनी-बाईकना बऱ्याचदा मागच्या टायरवर दाबला जाणारा लोखंडी पाय असायचा, तेवढाच ब्रेक. फोटोत तो फार देखणा दिसतो आणि मुलाला तो हवासा वाटेल. आपल्याकडं जून ते सप्टेंबर टायर ओला असतो, ओल्या रबरावर लोखंड घासून काहीही थांबत नाही. जॅकशाफ्टवर ब्रेक लावायची युक्तीही कुणीतरी सांगेल. चेन तुटली की तो ब्रेक गेला. ब्रेक चाकावरच हवा, आणि दोन्ही चाकांवर हवा.

ड्रम ब्रेकमध्ये एक गोष्ट अशी आहे जी चित्रात दिसत नाही आणि ज्यात मी माझ्या मित्राचं हाड मोडलं. लायनर ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवावी लागते. कंपनीच्या स्कूटरला त्यासाठी ओतीव खाच असते. आपण चाक धरणारा नवीन चिमटा (फोर्क) बांधतो, तेव्हा ती खाच नसते. माझी दुसरी गाडी होती, पावसाळा नुकताच संपला होता. प्लेट अडवायला मी ३ मिमी जाडीची पट्टी आणि एक बोल्ट लावला होता. येळ्ळूरला मित्राच्या शेतात उतारावर त्यानं पुढचा ब्रेक दाबला. पट्टीचं भोक फाटलं, प्लेट चाकाबरोबर गर्रकन फिरली, केबल ॲक्सलभोवती गुंडाळली गेली आणि चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी त्याच्यावरून पालथी. गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात झोळीत. ती पट्टी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. भोकाची कड पिठाच्या लाटीसारखी ताणून फाटलेली दिसते, आणि बोल्टाला साधा ओरखडाही नाही. मी बोल्ट चांगला निवडला होता, पण भोक कडेच्या फार जवळ पाडलं होतं.

जोर किती येतो ते मोजून बघा. गाडी ४५ किलो, माणूस ७५, मिळून १२०. ब्रेक जोरात लागला की टायरवर ६० किलोची ओढ सहज येते. टायरची त्रिज्या २१७ मिमी आणि प्लेट जिथं अडवलीय तो बिंदू ॲक्सलपासून ६० मिमीवर असेल, तर तिथं जोर साडेतीन पटींहून अधिक होतो, दोनशे किलोच्या वर. म्हणून पट्टी ६ मिमीची, बोल्ट ८ मिमीचा आणि ८.८ मार्कचा, नायलॉकसह (हादऱ्यानं सैल न होणाऱ्या नटासह). भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत बोल्टाच्या जाडीच्या दुप्पट, म्हणजे १६ मिमी माल राहिलाच पाहिजे. पट्टी शक्य तितकी लांब ठेवा, अडकवण्याचा बिंदू ॲक्सलपासून जितका दूर तितका त्याच्यावर जोर कमी. बाकी सगळ्या उत्तरात एवढा एक परिच्छेद मुलाकडून दोनदा वाचून घ्या.

फ्रेमसाठी कागदावर नकाशा काढू नका, जमिनीवर काढा. शहाबादी फरशीवर खडूनं पूर्ण मापाची गाडी रेखाटायची. दोन्ही चाकं त्या चित्रात आडवी ठेवायची, त्यांच्या केंद्रांत ९५० ते १००० मिमी अंतर ठेवायचं, मधे इंजिन जागेवर ठेवायचं. मग विटांवर पाट ठेवून मुलाला बसवा. पाय टेकतात का, गुडघे हँडलला लागतात का, विटा काढा-घाला. आमच्याकडं बहुतेकांना बैठक ५५० ते ६०० मिमी उंच जमते. इंजिनाची दोरी ओढायला हात मोकळा फिरतो का, तेल बघायची काडी आणि तेल काढायचा बोल्ट फ्रेमच्या पाईपमागं लपत नाही ना, सायलेन्सर पोटरीला लागणार नाही ना, हे सगळं त्या खडूच्या चित्रातच कळतं. इंजिनाचा शाफ्ट गाडीच्या डाव्या बाजूला येईल. ही इंजिनं शाफ्टकडून बघितली तर घड्याळाच्या उलट फिरतात, आणि डावीकडून बघितलेल्या गाडीचं चाकही पुढं जाताना तसंच फिरतं. तरी प्लग काढून दोरी ओढून एकदा खात्री करा.

पुढच्या चिमट्याचा कोन उभ्या रेषेपासून २५ अंश ठेवा. नेक म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो तो पाईप. त्याची रेषा जमिनीला जिथं मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. चिमटा सरळ असेल आणि ॲक्सल नेकच्या रेषेतच असेल तर या चाकाला ट्रेल १०१ मिमी येतो, हँडल जड लागतं आणि हळू चालवताना ते आपोआप एका बाजूला पडतं. ॲक्सल ३० मिमी पुढं काढला की ट्रेल ६८ वर येतो. ६५ ते ७० च्या दरम्यान या गाड्या हाताला गोड लागतात.

पाईप २५ मिमी बाहेरून, जाडी २ मिमी, ईआरडब्ल्यू म्हणजे लांबीला शिवण वेल्ड केलेला चालेल. जीआयचा पाणी-पाईप नको. जस्ताचा मुलामा वेल्डिंगमध्ये जळतो, त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि जोडही पोकळ होतो. फौंड्रीतले जुने कामगार त्या तापाला चांगले ओळखतात.

वाकवायला आता हायड्रॉलिक बेंडर जवळपास सगळीकडं आहे, दोन पाईप वाकवून द्यायला कुणी नाही म्हणत नाही. पण मुलाला एकदा वाळूनं वाकवून दाखवा, ते शिकण्यासारखं आहे. कोरडी सिलिका वाळू घ्यायची. साच्याची काळी ओली वाळू अजिबात नको. लोखंडी कढईत ती तापवायची, वरची वाफ पूर्ण थांबेपर्यंत आणि नंतर आणखी दहा मिनिटं. थंड झाली की पाईपमध्ये भरायची, बाजूनं लाकडी हातोड्यानं ठोकत राहायचं, वाळू बसते तसतशी वरून आणखी ओतायची. ठोकण्याचा आवाज आधी खळखळीत असतो, मग बद्द होतो. बद्द झाला की दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टी. वाळूत ओल राहिली तर तापवताना वाफ होऊन गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, म्हणून पाईपच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, लहान भाऊ बघायला आला असेल तर त्याला तुमच्या मागं उभं करा. वाकवायचा भाग पिकल्या डाळिंबासारखा लाल झाला की जुन्या पुलीच्या खाचेत धरून एका संथ ओढीत वळवायचा. आतली त्रिज्या ७५ ते १०० मिमीपेक्षा कमी करू नका. झटका दिला तर आतल्या बाजूला सुरकुती पडते, आणि पाईप पुढं तिथंच मोडतो.

जिथं पाईप पाईपाला मिळतो तिथं तोंड माशाच्या तोंडासारखं खोल घासून घ्या, अर्धगोल कानशीनं. फट दिसता कामा नये. फट रॉड भरून बुजवता येते, पण असा जोड थंड होताना फ्रेमला आपल्याकडं ओढतो. टेबल म्हणून दोन सी-चॅनेल समांतर ठेवा आणि पाण्याच्या नळीनं एका पातळीत आणा. २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ७० ते ९० ॲम्पिअर. सगळे टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, आधी मारा, समोरासमोर, मग कर्ण मोजा, ओळंबा सोडून नेक आणि मागचं चाक एका रेषेत आहे का बघा. त्यानंतर भरणी, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, दर वेळी इंचभरच. पाणी मारून थंड करू नका. वेल्डिंगच्या वेळी इंजिन फ्रेमवर नको, करंट त्याच्या बेअरिंगमधून वाट काढतो.

नेक पाईप लेथवाल्याकडून करून घ्यावा लागेल. तिथं एक गोष्ट सांगून करून घ्या. कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंगं, बसायच्या दोन्ही जागा आधीच फिनिश केल्या आणि नंतर वेल्ड केलं, तर पाईप अंडाकृती होतो आणि हँडल एका जागी अडतं. आतून अर्धा मिमी माल राखून बोर करायचा, फ्रेमला वेल्ड करायचं, आणि शेवटचा हात वेल्डनंतर मारायचा. फ्रेम लेथवर फिरवता येत नाही, त्यासाठी बोरिंग मशीनवाला गाठावा लागतो. हे जास्तीचं काम वाटेल, पण गाडीचा सरळपणा इथंच ठरतो. आणि प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्या. आमच्याकडं लेथवर बसलेला माणूस कधी कानडी बोलतो, कधी मराठी, जुना असेल तर सूत आणि दोरा अशी जुनी मापं सांगतो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले बुश ज्यानं करून दिले त्याला मराठी येत नव्हतं आणि मला तेव्हा कानडी धड येत नव्हतं. मधे फक्त पेन्सिलीचं चित्र आणि त्याच्यावरचे आकडे असायचे, एकही जॉब वाया गेला नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गव्हर्नर काढू नका. व्हिडिओत लोक काढतात आणि वेग दाखवतात. ही इंजिनं ३६०० साठी बनवलेली आहेत, त्याच्या फार वर कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आल्याचं मी पाहिलंय, आणि ओतीव फ्लायव्हील फुटलं तर ते मांडीच्या उंचीवर असतं. ॲक्सिलरेटरची केबल गव्हर्नरच्या स्प्रिंगला ताणणाऱ्या लिव्हरला लावा आणि सोडल्यावर लिव्हर आपोआप मागं यावा म्हणून वेगळी परतीची स्प्रिंग बसवा. कॉइलकडून येणारी बंद करायची वायर बॉडीला टेकवली की इंजिन थांबतं. ती हँडलवर बटणापर्यंत आणा, आणि मुलाच्या मनगटाला दोरी असेल आणि तो पडला की दोरी खेचली जाऊन इंजिन बंद होईल, असा स्विच लावा. इंजिन आडव्या पातळीतच बसवा. आत तेल पंपानं नाही, शिंतोड्यांनी पोचतं. दिसायला छान म्हणून पुढं कलवून बसवलं की तेल एका कोपऱ्यात जातं. दोन्ही चेनना पत्र्याचं कव्हर हवंच, शेतात सगळे चपलेवर असतात.

आता रस्त्याबद्दल, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी मुलगा विचारणार. ही गाडी डांबरी रस्त्यावर आणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणं सार्वजनिक जागी चालणाऱ्या गाडीची नोंदणी लागते, आणि घरी बांधलेल्या अशा गाडीला ती मिळत नाही. तुमचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे बहुधा अठराच्या आतला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडीनं गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेतापासून घरापर्यंतचा दोनशे मीटर गावरस्तासुद्धा सार्वजनिकच. तेवढा गाडी ढकलत न्या. स्वतःच्या शिवारात हेल्मेट घालून मनसोक्त फिरवा.

जुनं रूप कसं आणायचं, हा तुमच्या पत्राचा शेवटचा भाग मला फार आवडला. मिनी-बाईकचा जन्म तुमच्या घरात पडलेल्या पंपासारख्याच इंजिनातून झालाय. अमेरिकेत त्या काळी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा टेकुमसेहचं शेतीकामाचं आडव्या शाफ्टचं इंजिन घेत आणि पाईपच्या फ्रेमवर बसवत. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडनं छत्रीधारी सैनिकांसाठी वेलबाईक नावाची घडीची गाडी काढली होती, ९८ सीसीच्या विलियर्स इंजिनाची. होंडाची मंकी १९६१ ची, टोकियोजवळच्या तामा टेक या बागेत पोरांना खेळायला बनवलेली, ४९ सीसी आणि ५ इंची चाकं. या सगळ्यांचं रूप रंगातून आलेलं नाही. सरळ पाठ, उघडं इंजिन, उंच हँडल आणि जाड टायर, एवढ्यातून आलंय. त्यामुळं पत्र्यांनी इंजिन झाकू नका. पेट्रोलची टाकी इंजिनावरची काढून वेगळी करायची असेल तर १ मिमी पत्र्याची नवीन बनवा, कार्ब्युरेटरपेक्षा उंच बसवा, हलकी हवा भरून साबणाच्या पाण्यानं गळती तपासा, झाकणाला श्वासाचं बारीक भोक ठेवा. जुन्या मोपेडच्या टाकीला मात्र वेल्डिंगचा रॉड लावायचा नाही, कितीही धुतली असली तरी. आतल्या वाफेनं ती फुटते.

रंगाला माझी पसंती जावा-येझदीच्या मरून आणि हस्तिदंती रंगाला. येझदी १९९६ पर्यंत आपल्याच राज्यात म्हैसूरला बनत होती, आमच्या वयाच्या माणसाला तो मरून रंग दुरूनही ओळखू येतो. ग्राइंडिंगनंतर रेड ऑक्साइडचा हात त्याच दिवशी मारा, बेळगावच्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत लाल होतं. बैठक प्लायवूडवर फोम आणि रेक्झिन, कुठलाही कुशनवाला तासाभरात करून देतो.

गाडी उभी राहिली की पहिल्या दिवशी मागचं चाक विटांवर उचलून दहा मिनिटं चालवा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाक थांबतं का ते बघा. नुसतं हळू फिरत राहिलं तर आयडल कमी करा, जोर धरून फिरत असेल तर क्लच सोडत नाहीये, गाडी खाली उतरवू नका. मग इंजिन बंद करून ढकलत उतारावर न्या आणि नुसते ब्रेक तपासा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. त्यानंतरच बसायचं, आणि पहिल्यांदा तुम्ही बसायचं, मुलानं नाही. वीस मिनिटांनी उतरा. एक सिलिंडरचं इंजिन सगळं काही हलवून सैल करतं, म्हणून प्रत्येक बोल्टाला पाना लावा, दोन्ही चेन परत ताणा, मधोमध बोटानं दाबल्यावर १० ते १५ मिमी हलली पाहिजे. क्लचच्या बुशमध्ये तेलाचा एक थेंब, एकच, शूवर जाता कामा नये. ब्रेक प्लेटच्या पट्टीची दोन्ही भोकं पुसून उजेडात बघा, कुठं केसासारखी चीर दिसतेय का. इंजिनाचं तेल गाडीवर चढवण्याआधीच बदला. पंपावर असताना ते शेवटचं कधी बदललं हे बहुधा घरात कुणालाच आठवत नसेल. जेमतेम सहाशे मिली लागतं. आणि मागच्या ४८ दातांचं स्प्रॉकेट तयार मिळालं नाही तर गिअर कटिंगवाल्याला सांगताना पिच १२.७ आणि रोलर ८.५१ हे दोन्ही आकडे द्या, नुसतं "बाईकचं स्प्रॉकेट" म्हणू नका.